काट्याखालचं बटण

— बसा हो आजोबा, बसा! घर काय पळून जातंय? छोटीला राहू द्या खांद्यावरच, झोपलीय छान. आणि ती औषधाची बाटली द्या जरा इकडे. ढापत नाहीये हो, नुसती बघते. मी कोण? मी डॉक्टरीणबाईंची पोरगी — मघाशी दाराशी दात काढत उभी होते ना, तीच. द्या ना! — बरं, नका देऊ, पण झाकण उघडू नका. एवढं ऐका.

काय झालं म्हणता? काही नाही — म्हणजे, आत तो वजनकाटा आहे ना, त्याच्या पोटाखाली एक बटण आहे. दाबलं की किलोच्या जागी पौंड दाखवतो, आकडा डायरेक्ट दुपटीच्या वर! आता आमचे कंपाउंडरमामा — बाटली दिली ना तुम्हाला, तेच — त्यांनी रात्रीचं जेवण सोडलंय, रोज काट्यावर चढतात, पाव किलो घटला की मिशीला पीळ. म्हटलं, घेऊ फिरकी. दाबलं बटण. आणि आत्ता, तुम्ही बाहेर आलात ना, तेव्हा मामा चढले — 'एकशे ऐंशी!' म्हणून असे किंचाळले, असे किंचाळले — मी लोळायचीच बाकी होते — आणि तेवढ्यात मला छोटी आठवली. त्याच काट्यावर. मामांच्या आधी. बावीस आला ना आकडा? तुम्हीच म्हणालात, 'वा, गुटगुटीत झाली!' अहो, दीड वर्षाची पोर बावीस किलो? हत्तीचं पिल्लू आहे का ते?

आईला कसं कळलं नाही? कसं कळणार! मामांनी आकडा ओरडून सांगितला, तिने टॅबमध्ये टाकला. त्यात ते अ‍ॅप आहे — वजन टाका, औषध टाका, किती एमएल द्यायचं ते हिशोब करून सांगतं. शहाणं आहे हो अ‍ॅप! वयाला वजन जुळलं नाही की लाल चौकट दाखवतं, 'पुन्हा तपासा' म्हणतं. दाखवलीच असणार. पण — हे आईला सांगू नका हं, शपथ आहे — त्या चौकटीचा आवाज मी गाढवाचा करून ठेवलाय. ढँचू! भर पेशंटसमोर रेकतं. आईला तो बदलता येत नाही, म्हणून चौकट दिसली रे दिसली की ती न वाचताच 'पुढे' दाबते, गाढवाने तोंड उघडायच्या आत.

म्हणून म्हणते, बाटली द्या. मामांना मस्का मारते, बरोबर माप लिहिलेली नवीन आणते, आईला पत्ताही लागणार — काय? जास्त झालं तर? काही नाही हो. म्हणजे झटक्यांचं औषध आहे ना — आत्ता वाचलं मी अ‍ॅपमध्ये — जास्त गेलं तर मूल पेंगतं, मग हाक मारली तरी — पण तुम्ही घरी जाऊनच देणार होतात ना? तसंच ना?

आजोबा, झाकणाचं सील कुठंय?

तो चमचा — तो ओला का आहे?

छोटे. ए छोटे. इकडे बघ, डोळे उघड, गंमत दाखवते — ढँचू! ढँचू — ए —

आई! आई, बाहेर ये! मी केलंय, आई — मी — लवकर ये!