धक्क्यावरचं जहाज आणि दाजींचा निरोप

सन्माननीय अध्यक्ष, अर्थात आपले बंदरप्रमुख, व्यासपीठावरील मान्यवर, समोर बसलेली खलाशी, हमाल आणि कारकून मंडळी, सर्वांना नमस्कार. आज निवृत्त होणारे कप्तान हे बंदराचा गाळ उपसणाऱ्या जहाजाचे प्रमुख, आणि माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना दाजी म्हणतो. ते मला काय म्हणतात, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

मी इथला जलसंरक्षण अधिकारी. कायदा साधा आहे: तपासल्याशिवाय पाण्यात काही टाकायचं नाही. दाजी पहिल्याच खेपेला जहाजभर गाळ घेऊन खोल समुद्रात टाकायला निघाले. मी म्हटलं, "दाजी, आधी तपासणी."

"अरे, समुद्राचाच गाळ समुद्रात टाकतोय!"

"बाहेर काढलात ना? आता तो परका."

तपासणीचा निकाल येईतो गाळावर गवत उगवलं. मग बेडूक आले, बगळ्यांनी घरटी केली. झालं! कायद्याने ती संरक्षित पाणथळ जागा ठरली. गाळ टाकता येईना, वजनाने जहाज तळाला टेकलं. सोडवायचं तर खालचा गाळ उपसायला हवा, आणि उपसणारं जहाज आपल्याकडे एकच. कोणतं, ते सांगायला हवं का?

दाजींची सगळी नोकरी अशी धक्क्याला बांधलेल्या जहाजावर गेली. रोज गणवेश चढवायचा, सुकाणू पुसायचं, बगळ्यांवर डाफरायचं. ताई मला तोंडावर म्हणाली, "माझ्या नवऱ्याचा माळी केलास तू." एकदा, फक्त एकदा जहाज समुद्रात न्यायचं, एवढंच दाजींचं मागणं. मला फार वाईट वाटायचं. पण पाणथळ जागा हलवता येत नाही हो!

आज मोठं उधाण आलं आणि जहाज आपलं आपण तरंगलं. दाजी हळूच म्हणाले, "भाषण जरा लांबव." मला वाटलं, कौतुक ऐकायची हौस असेल.

हा भोंगा कसला? बसा, बसा, कोणी उठू नका. होय, सत्कारमूर्तींची खुर्ची रिकामी आहे. ताईही दिसत नाही. खिडकीतून वाकू नका, अध्यक्ष महोदय, तोल जाईल.

जहाज थांबवण्याचा हुकूम फक्त मी देऊ शकतो, असं आपण चिठ्ठीत लिहिलंय, ते अगदी खरं. पण आभार अर्धवट टाकून उतरणं हा सभेचा अपमान होईल. तेव्हा आभार अध्यक्षांचे, ध्वनिक्षेपकवाल्याचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे... दीपगृह ओलांडलं का हो? नाही? मग खुर्च्या पुसणाऱ्यांचेही. अनवधानाने कोणी राहून गेलं असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.