टाळूची प्लेट

दातांच्या दवाखान्यात समोरच्या बाकावर भाऊ, बहीण आणि दोघांच्या मध्ये त्यांची म्हातारी आई.

“दादा, आईची टाळूची प्लेट कुठंय?”

“घाईत घरीच राहिली.”

“जी तपासायला आलो, तीच घरी?”

“पुन्हा येऊ की. त्यात काय एवढं?”

“गेल्या खेपेला मी आले तेव्हा धुवायला ठेवली होती. त्याआधी सापडतच नव्हती.”

“हिरडीला टोचते तिच्या. तू चार दिवसांची पाहुणी, तुला काय कल्पना?”

“ऑपरेशनमध्ये टाळू काढला तेव्हा मीच होते जवळ. प्लेट नसली की घास नाकात जातो, आणि बोललेलं एक अक्षर कळत नाही.”

“मला कळतं ना! रोज मीच ऐकतो.”

“आई, तू सांग. दादाकडे बरी आहेस ना?”

“मजेत आहे म्हणतेय.”

“दादा, तिनं अजून तोंडच उघडलेलं नाही.”