चिऱ्यावरची गाडी

...आणि मला शिकवतंय कोण, तर माझी सून. तुम्हीच सांगा, बेचाळीस वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाला गाडी कशी उचलायची ते मोबाइलमध्ये दाखवायचं म्हणजे काय... आगरदांड्याच्या धक्क्यापासून पार गुजरातपर्यंत रस्त्याच्या कडेला मी किती चाकं बदलली ती सांगायला बसलो तर तुमची चाय निवेल. शाळा माझी चौथीपर्यंत, तीसुद्धा मास्तरांनी वर ढकललं म्हणून, पण पाना धरायला शाळा लागत न्हाय. हे मी तिला तोंडावर बोललो. ती काय बोलली? "माहीत हाय, बाबा." ही अमिषा अशीच हाय, भांडत न्हाय. भांडली असती तर मी जिंकलो असतो.

आता पहिल्यापासून सांगतो. आम्ही रेवदंड्याचे, घर खाडीच्या तोंडाला. इथली हवा लोखंड खाते. खिडकीचे गज खाते, सायकल खाते, गेल्या साली आमच्या गेटची कडी खाल्ली ती माझ्या हातातच आली. म्हणून पावसाच्या आधी होड्या वर ओढल्या की त्यांच्या बुडाला रंग लागतो, आणि मी गाडीच्या बुडाला जळकं ऑइल मारतो. गॅरेजातनं डबा भरून आणायचा, ब्रश घ्यायचा, खाली शिरायचं. ट्रकच्या खाली माणूस मांडी घालून बसतो हो. पण सुनेची ही गाडी बुटकी, हिच्या खाली शिरताना मांजरसुद्धा दोनदा विचार करतं. अलिबागला दवाखान्यात नर्स हाय ती, रोज हिच्यातनंच जाते-येते. मुलगा माझा जहाजावर, सहा-सहा महिने पाण्यात. मंग गाडीकडं बघणार कोण? मीच ना. बेचाळीस वर्षं ट्रक चालवलाय मी.

तर त्या सकाळी ती रातपाळी करून आलेली, आत झोपलेली. मी अंगणात गाडी घेतली. डिकीतला जॅक काढला. अंगण आमचं रेतीचं, जॅक आत जायला लागला, खाली फळी टाकली... बघा, डोकं हाय की न्हाय माणसाला? मागची बाजू वर घेतली, एक चाक काढलं, आणि खाली लावले दोन चिरे, एकावर एक. न्हाणीघर बांधलं त्यातले उरलेले, जांभ्याचे, हातात घेतला तर हात दुखतो असे. आणि जॅक काढून परत डिकीत ठेवला. व्हय, वस्तू जागच्या जागी लागते मला. खाली गोणपाट अंथरलं, डोक्याखाली घरातली उशी घेतली, आणि शिरलो.

अर्धं बूड काळं केलं आणि आमची ठमी ओरडायला लागली. बायको माझी. "अवो, चाय निवली." आलो, बोललो. "अवो, आता परत तापवणार न्हाय." आलो ना. "अवो, मांजरीला घालू का?" तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षांच्या संसारात ह्या बाईनं मला एक काम सुखानं पुरं करू दिलं न्हाय. शिव्या घालतच बाहेर आलो. ब्रश हातात तसाच.

चाय पितोय तोच अमिषा उठून बाहेर आली. पायरीवर उभी. गाडीकडं बघितलं, चिऱ्याकडं बघितलं, माझ्या काळ्या हाताकडं बघितलं.

"बाबा, तुम्ही खाली गेलेलात?"

"मंग काय ऑइल आपोआप लागलं?"

"ह्या दगडावर ठेवून?"

दगड न्हाय, बोललो, चिरा हाय तो. ह्याच्यावर अख्खं घर उभं हाय तुझं.

"घर हलत न्हाय, बाबा."

मंग तिनं मोबाइल काढला. त्यात एक पोरगा, मिशी फुटली न्हाय अजून, हातमोजे घालून उभा, "तो दोस्तों, जॅक सिर्फ उठाने के लिए है"... आणि गाडीच्या पोटाखाली लोखंडाचे स्टँड लावतो, पुढच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावतो. मी बोललो, ह्यानं कधी पंक्चर काढलंय का घाटात? बेचाळीस वर्षं...

"माहीत हाय," ती बोलली. "चिरा फुटायच्या आधी सांगत न्हाय, बाबा. लाकूड निदान करकरतं. होड्या काय चिऱ्यावर टेकवतात का आपल्याकडं?"

न्हाय टेकवत. ओंडक्यांवर टेकवतात. हे मला माहीत हाय, माझा जन्म ह्या किनाऱ्यावरचा. पण सुनेनं विचारल्यावर लगेच व्हय बोलायचं का?

"बरं, एक करा," ती बोलली. "परत खाली जायच्या आधी बाहेरून एक धक्का मारा. तेवढंच."

धक्का? एक काय, चार मारतो. उठलो, कप पायरीवर ठेवला, आणि ही अशी कंबर लावली गाडीला.

तुम्हाला वाटेल मोठा आवाज झाला असेल. न्हाय हो. चायमध्ये बिस्कीट मोडून पडावं तसा वरचा चिरा गेला. गाडी बसली. ऑइलचा डबा चेपला, काळा फवारा उडाला तो थेट ठमीच्या वाळत घातलेल्या सुकटीवर. "माझी सुकट," ठमी ओरडली, "अवो, अख्ख्या सालाची..." तेवढ्यात तिला उशी दिसली. गाडीखाली. मधोमध दाबलेली, एका बाजूनं कापूस बाहेर आलेला.

चाय निवली म्हणून वाचलो मी. दुसरं काय.

अमिषा "सांगितलं होतं ना" असं बोलली न्हाय. बोलायला पाहिजे होतं. ती पायरीवर बसली. मंग विचारलं, "बेचाळीस वर्षांत कधीच काय झालं न्हाय का, बाबा?"

न्हाय, बोललो मी.

आता तुम्ही परके, तुम्हाला सांगायला काय जातंय... खोटं बोललो. एसटी स्टँडवर उतरताना बघितला असेल ना, नारळ विकतो, कुबडीवाला, काळूराम? तो माझा जोडीदार. एकाच ट्रकवर आम्ही दोघं, पाळीपाळीनं चालवायचो. आगरदांड्याच्या रस्त्याला मागच्या पाट्याचा, म्हणजे स्प्रिंगचा, नट ढिला झाला. गाडी वर घेतली मी. चिरा लावला मी. जॅक काढला तो पण मीच. आणि खाली जायची पाळी माझी होती, पण माझ्या अंगात नवं शर्ट होतं. म्हणून बोललो, काळ्या, तू जा रे, काय होत न्हाय. तो शिरला, आणि चिरा फुटला. डावा पाय गुडघ्याखाली राहिला न्हाय त्याचा. दवाखान्यात लोकांनी विचारलं तर तोच बोलला, जॅक सरकला. मी गप्प. तवापासून गावात सगळे जॅकला शिव्या घालतात, आणि मी सांगत फिरतो, बेचाळीस वर्षांत मला काय झालं न्हाय. खरंच हाय की. मला न्हाय झालं.

त्या दिवशी संध्याकाळी स्टँडवर गेलो. काळूराम नारळ सोलत होता. सांगितलं सगळं.

"चिरा?" तो बोलला.

"चिरा."

"परत?"

त्यानं कोयता खाली ठेवला. "अरे, एवढ्या वर्षांत तुला दुसरं काय लावायला भेटलं न्हाय?" आणि हसला. मला बरं वाटलं न्हाय त्या हसण्यानं. मंग बोलला, "सुनेला सांगितलंस, माझ्या पायाचं?"

"न्हाय."

"सांग. न्हायतर तिला वाटेल तू आज पहिल्यांदा गाढव झालास. परत होशील."

सांगितलं. जेवताना. ठमीनं पण तवाच पहिल्यांदा ऐकलं, आणि ताटातली भाकरी तशीच ठेवून उठली. अमिषा एवढंच बोलली, "म्हणजे जॅक सरकलाच न्हाय." न्हाय गं बाय, ह्या वेळी जॅक डिकीत होता. तवा ट्रकच्या केबिनमध्ये होता.

पुढच्या रविवारी स्टँड आले, लोखंडी, जोडीनं. गाडी रेतीवरनं शेजारच्या सिमेंटच्या खळ्यावर घेतली तिनं, सपाट जागेवर. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे. गाडी गिअरमध्ये. वर घेतली, स्टँड लावले, काढलेलं चाक तेसुद्धा कडेनं गाडीखाली आडवं सारून ठेवलं, म्हणते असू दे. मंग मला बोलली, "धक्का मारा, बाबा." मारला. परत मारला. हलली न्हाय. मी ब्रश घेतला, वाकलो, तर ब्रश माझ्या हातातनं काढून घेतला हिनं आणि स्वतःच शिरली आत.

आणि मी?

"तुमचं काम मोठं हाय," आतनं आवाज. "चावी तुमच्या खिशात ठेवा, खुर्चीवर बसा, आणि मी बाहेर येईपर्यंत कोणाला गाडीला हात लावू देऊ नका. तुम्ही पण लावू नका."

बसलो. चावी खिशात. काळूराम खास बघायला आला, शेजारच्या खुर्चीवर बसला, कुबडी मांडीवर आडवी. ठमीनं चाय आणून दिली, गरम. बेचाळीस वर्षं गाडी चालवली मी, आणि आता मला बसवलाय कशाला, तर गाडी चालू होऊ नये म्हणून.

काळूराम विचारतो, "जमेल ना रे?"

बघू, बोललो. पहिल्यांदाच करतोय.