सुगतदादांच्या वह्या

माईक जरा खाली घ्याल का? हां, बास. साहेबांच्या उंचीला लावलेला होता.

उज्ज्वलावहिनी, मैत्रेयी, डिलाईल रोडच्या चाळीतली सगळी मंडळी, आणि स्टुडिओतले माझे सहकारी. विहाराच्या जिन्यापर्यंत लोक उभे आहेत. कामधंदे टाकून आलात, बरं वाटलं. मला बोलायला जमेल का, माहीत नाही. रडू येईल असं वाटलं होतं. आत्ता कळलं, संताप आलाय.

मी वैशाली परब. लालबागची. सुगत तांबे यांच्या हाताखाली मी चौदा वर्षं काम केलं. आमचं काम म्हणजे मोठमोठ्या सिनेमांसाठी चित्रं काढायची. राक्षस, राजवाडे, अंतराळयानं, दुसऱ्या ग्रहावरचे बाजार. शूटिंगच्या आधी हे सगळं कुणीतरी कागदावर काढावं लागतं. आमच्याकडे ते कुणीतरी म्हणजे दादा. पडद्यावर त्यांचं नाव यायचं तोवर तुम्ही खुर्चीखाली चपला शोधत असायचात, म्हणून तुम्हाला फारसं माहीत नाही.

मी दोन पानं लिहून आणली होती. चांगली होती हो. दादांचा स्वभाव, दादांचा चहा, असं सगळं. पण माझ्याआधी आमचे मोठे साहेब बोलले आणि ती दोन पानं मी घडी करून पर्समध्ये टाकली. साहेब काय म्हणाले, ते ज्यांना बाहेर ऐकू गेलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. दादांच्या घरी ट्रंकेत त्यांच्या चित्रांच्या वह्या आहेत. पंचवीस-तीस वर्षांच्या. त्या सगळ्या स्टुडिओ नेणार. त्यावरून कॉम्प्युटरला शिकवणार. मग दादांच्या हातची वाटावीत अशी चित्रं निघत राहणार. कायम. "सुगत अमर होईल," असं साहेब म्हणाले. टाळ्यासुद्धा पडल्या. शोकसभेत.

वहिनींसमोर कागद ठेवलाय. सही तेवढी बाकी आहे. काल वहिनींनी मला फोन केला होता. म्हणाल्या, "वैशाली, तू त्यांच्याबरोबर बसून काम केलंस. तूच सांग, देऊ का?" काल मी "उद्या सांगते" म्हणून फोन ठेवला. आज उत्तर देते, सगळ्यांसमोर देते. पण त्याआधी मला एक कबुली द्यायची आहे. ती दिल्याशिवाय मला उत्तर द्यायचा हक्क नाही.

चाळीतल्या मंडळींनो, तो मोकळा ट्रक आठवतो का तुम्हाला? मी तेव्हा नव्हते, मी दादांच्या तोंडून दहा वेळा ऐकलंय. जयंतीच्या मिरवणुकीत प्रत्येक चाळीचा चित्ररथ असतो. तुमच्या चाळीचा चित्ररथ दादा करायचे. एका वर्षी वेळ कमी पडला, म्हणून गेल्या वर्षीचाच देखावा नवा रंग मारून ट्रकवर चढवला. ट्रक कोपऱ्यावर वळायच्या आत गॅलरीतून बायका ओरडल्या, "सुगत, हा गेल्या वर्षीचा आहे! उतरव खाली!" आणि दादांनी उतरवला. ट्रक तसाच निघाला. वर नुसता निळा झेंडा आणि घोषणा देणारे लोक. शेजारच्या चाळीवाले हसले असतील, हसू देत. दादा मला सांगायचे, "मोकळा नेला, पण शिळा नाय नेला."

त्या आयाबहिणी आज इथे बसल्यात. तुम्ही दादांच्या खऱ्या मास्तर. नवीन काय आणि जुनं काय, हे तुम्हाला ट्रक हलायच्या आत कळलं. आमच्या स्टुडिओत ते अजून कुणाला कळत नाही.

आमच्याकडे काय पद्धत आहे, ऐका. चित्र काढलं की त्याच्या डाव्या कोपऱ्यात एक छोटं दुसरं चित्र चिकटवायचं. त्याला रेफरन्स म्हणायचं. म्हणजे हे तुम्ही कुठून घेतलंत, त्याचा पुरावा. कुठल्यातरी गाजलेल्या परदेशी सिनेमाचा तुकडा. तो कोपरा मोकळा असेल तर फाईल पुढे जात नाही. मीटिंगला बसलं की साहेब म्हणणार, "कुणी कधीच पाहिलं नसेल असं काहीतरी द्या." आणि त्याच दमात, "रेफरन्स कुठाय?" मला सांगा, कुणी पाहिलंच नसेल तर त्याचा रेफरन्स आणायचा कुठून? चौदा वर्षं हा प्रश्न आम्ही गिळत आलो. पगार वेळेवर होता, म्हणून गिळला गेला.

सहा वर्षांपूर्वी एक मोठा सिनेमा आला. फार मोठा. त्यात एक शहर हवं होतं, आकाशात तरंगणारं. दादांनी ते आठ दिवसांत काढलं. मी खूप चित्रं पाहिलीत, तसं नाही पाहिलं. हजारो गॅलऱ्या हवेत एकमेकींना बांधलेल्या. मागचं दार कुणाच्याच घराला नाही. सगळ्या शहराला पाणी एका टाकीतून, दिवसातून एकदाच यायचं, आणि ते यायच्या वेळी अख्खं शहर पाण्याच्या बाजूला हळूच कलायचं. माणसं भांडी घेऊन उताराने निघालेली. भांडणारी, हसणारी. मी म्हटलं, "दादा, हे काय आहे?" तर म्हणाले, "भविष्यकाळ. पण आपल्या बाजूचा."

डावा कोपरा मोकळा होता.

मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, काहीतरी चिकटवा. नाही म्हणाले. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "छान आहे, पण कुठलं आहे हे?" मला भीती वाटली, आता हे चित्र जाणार. आणि मी बोलून गेले, "सर, परदेशातला एक व्हिडिओ गेम आहे, आपल्याकडे अजून आला नाही, त्यावरून घेतलंय." खोटं. धडधडीत खोटं. असा गेम कुठेच नव्हता. पण खोलीत कसा जीव आला! "वा! आधी सांगायचं ना!" चित्र पास. मी खूष. मला वाटलं, वाचवलं मी दादांना.

महिन्याभराने स्टुडिओच्या वकिलांचा निरोप आला. तो गेम आम्हाला सापडत नाही. सापडत नाही म्हणजे नसेलच, असं त्यांच्या डोक्यात आलं नाही. सापडत नाही म्हणजे मालक फार जपून ठेवतोय, उद्या नोटीस पाठवेल. तेव्हा ओळखू येणार नाही इतकं बदला. तेव्हा तरी मी खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. घराचा हप्ता होता, नोकरी होती, आणि मुळात मी भित्री होते. दादांनी ते शहर स्वतःच्या हाताने बदललं. गॅलऱ्या गेल्या, टाकी गेली, माणसं गेली. उंच काचेचे मनोरे आले, निळा उजेड आला. दहा सिनेमांत असतं तसं शहर झालं. आणि मग सगळे म्हणाले, आता कसं ओरिजिनल वाटतंय.

माझी नोकरी राहावी म्हणून त्यांनी ते केलं. मला एका शब्दाने बोलले नाहीत. खूप दिवसांनी फक्त एवढं म्हणाले, "वैशाली, तू खोटं बोललीस त्याचं काय नाय गं. तुझं खोटं त्यांना किती चटकन पटलं, त्याचं वाईट वाटलं." डिलाईल रोडवरच्या माणसाच्या डोक्यातून असं शहर निघू शकतं, हे त्या खोलीत कुणालाच सुचलं नाही. चोरलं असेल, हे सगळ्यांना लगेच पटलं.

त्यानंतर दादा संपत गेले. लोक म्हणाले, थकलेत, सुट्टी घ्या. घेतली की! मंडणगडला गावी जाऊन राहिले. थकलेला माणूस झोपून उठला की ताजा होतो. दादा उठायचे आणि पेन हातात धरून बसायचे. एका राक्षसाची शिंगं बावीस वेळा बदलली त्यांनी एका आठवड्यात, कारण वरून दर वेळी नवा सिनेमा दाखवून "असं करा" यायचं. एकदा जेवणाच्या डब्यासमोर बसून म्हणाले, "आधी डोळे मिटले की माझं काहीतरी दिसायचं. आता दुसऱ्यांचंच दिसतं." मला रडू आलं. त्यांनी मला लोणचं दिलं.

ते कामाने गेले असं मी म्हणणार नाही. डॉक्टर हृदय म्हणाले, मी मान्य करते. पण त्यांच्यातला चित्रकार सहा वर्षांपूर्वीच गेला होता. आणि त्यात माझा हात होता. ही माझी कबुली. साहेब, तो गेम नव्हता. ते शहर सुगत तांबे यांचं होतं, डाव्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत. सोमवारी मला केबिनमध्ये बोलवायचं असेल तर बोलवा. मी येईन, आणि हेच परत सांगेन.

आता वहिनी, तुमचं उत्तर.

देऊ नका.

त्या वह्यांत ते शहर आहे, बदलायच्या आधीचं. आणखी काय काय आहे, मला माहीत नाही. ज्या दिवसांत दादांच्या डोळ्यांसमोर स्वतःचं येत होतं, ते सगळे दिवस त्या ट्रंकेत आहेत. ते यंत्रात घातलं की काय होईल? शंभर चित्रं दादांच्या हातची वाटतील अशी निघतील, आणि तेच साहेब त्यांना सांगतील, जरा त्या दुसऱ्या सिनेमासारखं करा. जिवंतपणी एक सुगत थकवला. आता न थकणारा सुगत हवाय, नाही न म्हणणारा. त्याला अमर करणं म्हणत नाहीत, साहेब. अमर करायचं असतं तर एकदा, फक्त एकदा, कोपरा मोकळा ठेवून चित्र पास केलं असतंत.

मैत्रेयी, तू चित्रं काढतेस. तू त्या वह्या उघड, बघ, आणि बाबांसारखं मुळीच काढू नकोस. तुझं काढ. चुकलं तर चाळ आहेच ओरडायला.

काय म्हणालात वहिनी? ... बाहेरच्यांना ऐकू गेलं नसेल. माईक नव्हता. वहिनी म्हणाल्या, "नाय देत."

मग साहेब, तो कागद परत न्या.

माझं संपत आलं. एकच राहिलं. दादा रोज सकाळी ऑफिसात शिरले की माझ्या टेबलाशी थांबून म्हणायचे, "जयभीम, वैशाली." आणि मी म्हणायचे, "गुड मॉर्निंग, दादा." चौदा वर्षं. लोक काय म्हणतील, घरी काय म्हणतील, साहेब मला कुणात मोजतील, या भीतीने. त्यांनी एकदाही टोकलं नाही, आणि एकदाही म्हणायचं सोडलं नाही.

आपण सगळे उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. त्याआधी मला मोठ्याने एक उत्तर देऊ द्या. फार उशीर झालाय, पण देते.

जयभीम, दादा.