अप्पांची आंघोळ

चूक आमच्या अप्पांची, आधीच सांगून टाकतो. लातूर नवा जिल्हा झाला, तिथल्या कचेरीत अप्पांची बदली झाली आणि आम्ही किनवटहून ट्रकमध्ये सामान भरून निघालो. सामानावर दोन कुत्री, तीन मांजरं, एक बकरी आणि पोपट. दुष्काळ एवढा, की जनावरांसाठी मी पाण्याचं एक पिंप वेगळं भरून घेतलं होतं.

नांदेड ओलांडल्यावर अप्पांनी ट्रक थांबवला. आंघोळ करून लिंगपूजा झाल्याशिवाय ते तोंडात पाणी घेत नाहीत. त्यांनी सरळ माझ्या पिंपाचं झाकण काढलं.

"काय करून राहिले, अप्पा? ते जनावरांचं हाय!"

"कॉलेज सोडलेल्यानं मला अक्कल शिकवू नये."

दोन तांब्यांत भागलं असतं. अप्पांनी पिंप संपवलं, वर धोतरही धुतलं.

ड्रायव्हर म्हणाला, "मालक, साबण उरला असंल तर बकरीलाबी लावू का?"

दुपारी माझा म्हातारा कुत्रा मोती धापा टाकायला लागला. एका गावात टँकर दिसला, म्हणून मी पाणी मागायला उतरलो. मोतीही मागोमाग उतरला आणि त्यानं कुणाच्या तरी भरल्या घागरीत तोंड घातलं. लोकांनी दगड मारले, तो रानात पळाला. मी घसा बसेपर्यंत हाका मारल्या.

अप्पा केबिनमधून ओरडले, "चल आता! लातुरात कुत्री लई मिळतेत."

मोती दहा वर्षं माझ्याजवळ होता. तो परत मिळाला नाही.