तिसरा मॉनिटर

— नको, तिथे नको, खिडकीपाशी लावा तो. ऊन येतं ते मलाही दिसतंय, डोळे शाबूत आहेत माझे, पण गिऱ्हाईक खिडकीतच बसलं पाहिजे — का म्हणजे? खाली बघा की! रस्त्यापलीकडे ते मॉड्युलर किचनचं दुकान, काचेचं दार, बाहेर दोन कुंड्या — त्या कुंड्या मी आणलेल्या, पाणी घालायचंही सुचत नाही मेल्यांना — तर तिथून मान वर केली की माझ्या खिडकीत बसलेलं गिऱ्हाईक दिसलं पाहिजे. रोज. चहा पिताना दिसलं पाहिजे, हसताना दिसलं पाहिजे. कोणाला? माझ्या दिराला, आणखी कोणाला! तुम्ही ओळखता की त्याला, त्यांच्याकडचे कॉम्प्युटर तुम्हीच बघता — म्हणून तर मुद्दाम तुम्हालाच बोलावलं. जाऊन सांगा खुशाल. सांगाच. वहिनीनं तीन मॉनिटर लावून घेतले म्हणावं, एका कॉम्प्युटरला तीन. त्याच्याकडे अजून दोनच आहेत ना? असू देत, असू देत. — तर मधला माझा, ड्रॉइंगचा. उजवा हा खिडकीतला, त्याची पाठ माझ्याकडे आणि तोंड गिऱ्हाइकाकडे. आणि डावा ह्यांचा. ह्यांचा म्हणजे आमच्या ह्यांचा हो, नवऱ्याचा. मी इथे कपाट काढलं की डावीकडे फळ्यांची मापं उमटणार, ती गळ्यातल्या चष्म्यातून वाचून हे सुताराला फोन करणार — मापात पक्के आहेत हे, बोलण्यात नाहीत. आणि सेटिंगमध्ये ते एक-दोन-तीन नीट ओळीनं लावा बरं का. तिकडे तुमच्या आधीच्यानं उलटं लावून ठेवलेलं, माउस उजवीकडे न्यावा तर डावीकडून उगवायचा, आणि मी वर्षभर तशीच काम करत होते, सवयच झाली होती.

ते समोरचं दुकान तिघांचं होतं आमचं. हो, तिघांचं — तुम्ही तेव्हा नवीनच यायला लागला होतात, आपली गाठ नाही पडली, मी मापं घ्यायला बाहेर असायचे. तिघांचं म्हणायला हो; गिऱ्हाईक दारातूनच विचारत यायचं, 'बाई आहेत का?' दीर आहे का असं कोणी विचारलं नाही, हे आहेत का असंही नाही — बाई आहेत का. तिथेच त्याच्या पोटात दुखायला लागलं, मला काय माहीत! मी आपली टेबलाशी, एक मॉनिटर माझ्याकडे, एक गिऱ्हाइकाकडे. त्यांना फक्त ड्रॉइंग दिसायचं. माझ्याकडे कोपऱ्यात ताईशी चॅट चालू — थोरली बहीण माझी, एकटी असते, तिला तेवढीच करमणूक. तोंडानं 'हो, हो, फार छान दिसेल' म्हणायचं आणि बोटांनी ताईला खरं काय ते सांगायचं. त्यात काय वाईट? तोंडावर बोलले असते तर वाईट. तर त्या दिवशी हॉटेलवाल्या बाई आल्या. चार मजले, मजल्यागणिक एक स्वयंपाकघर, एवढं मोठं काम आमच्याकडे कधी आलंच नव्हतं. मी गोदामातून कपाटांच्या मुठींचे नमुने घेऊन परत आले, बघते तर ड्रॉइंग माझ्या स्क्रीनवर! एरवी ते त्यांच्या बाजूला असतं. पण बाई तर समोर बघून बोट दाखवतायत, म्हणजे त्यांनाही दिसतंय — मग म्हटलं असू दे, कोणाचा तरी हात लागला असेल, आत्ता कुठे खटपट करत बसू. तिथेच फसले. दीर तिथेच टेबलाला टेकून उभा, कॅटलॉग चाळतोय, चेहरा असा की जसा काही त्या गावचाच नाही. आणि मी ताईला लिहिलं — आता सांगायला काय हरकत आहे — लिहिलं, 'हिला स्वयंपाकघर नकोय, रथ हवाय. हिची आवड बघता हिच्या हॉटेलात कोण जेवतं देव जाणे.' दादा, एकेक अक्षर! मी टाइप करतेय आणि ती समोर बसून वाचतेय. मला कळलं कधी? तिनं पर्स उचलली तेव्हा. वरचंही सगळं वाचलं असणार तिनं, आधीचं. ह्यांच्यावरचंही होतं थोडं — काही नाही हो, बहिणी-बहिणींत चालतं तेवढंच, 'आमचं ध्यान आजही मागे बसून भुशाशी गप्पा मारतंय' वगैरे. थट्टा हो. थट्टाच.

संध्याकाळी दीर म्हणाला, 'वहिनी, तुम्ही आता घरूनच ड्रॉइंग करा, गिऱ्हाईक मी सांभाळतो.' वहिनी म्हणे! केसानं गळा कापला. दोन वर्षं जेवायच्या टेबलावर, इतक्याशा लॅपटॉपवर, वाट्या बाजूला सारून ड्रॉइंगं काढली मी — आणि खाली सही त्याची. रोज ह्यांना सांगायचे, हे तुमच्या भावाचं काम, दुसऱ्या कोणाचं नाही. वाढताना सांगायचे, जेवताना सांगायचे, ताटं उचलताना सांगायचे. हे ऐकून घ्यायचे, 'हं' म्हणायचे. खोटं कशाला बोलू, एकदाही भावाची बाजू घेतली नाही त्यांनी. म्हणून तर ठरवलं — दिराचा उजवा हातच काढून घ्यायचा. हे गेले की तिकडे मापं कोण बघणार? तो? त्याची फळी बोटभर आखूडच यायची. दारं लागणार नाहीत, ड्रॉवर अडकणार, लोक कावणार, आणि तेच लोक रस्ता ओलांडून माझ्या ह्या खिडकीत. सगळं उट्टं काढीन, बसल्या जागेवरून काढीन. आज सकाळीच ह्यांनी भावाला सांगून टाकलं, उद्यापासून येत नाही म्हणून. मोठं भांडण झालं म्हणे, 'पुन्हा ह्या दुकानाची पायरी चढू नकोस' इथपर्यंत गेलं. नाही चढणार! काय अडलंय! आत्ता येतीलच ते, आपली खुर्ची घेऊन, त्यांच्या कमरेला दुसरी चालत नाही.

— उमटले? एक, दोन, तीन. वा! डावा सेटिंगमध्ये जरा वर घ्या, माउस काठाला अडतोय. हं, आता सुटला. आता मला ते दाखवा, दोन्हीकडे एकच कसं दिसतं ते. विंडोजचं बटण आणि पी? बस? मग 'डुप्लिकेट'. अरे देवा. एवढ्यासाठी घरी बसले मी? पण ह्याला हे सुचलं कसं म्हणते मी, त्याला साधा मेल पाठवता येत नाही, कोणीतरी शिकवलं असणार — काय? तुम्ही? तुम्ही दाखवलंत? अहो, मग मान खाली कशाला घालता, तुम्हाला काय स्वप्न पडलं होतं! उलट बरं झालं, साक्षीदार मिळाला मला. ह्यांच्यासमोर सांगा हं, असंच्या असं सांगा. काय म्हणाला तो? 'टेबलावरच्या स्क्रीनमधलं समोरच्या स्क्रीनवर कसं आणायचं, आणि तिला कळता कामा नये.' ऐका! ऐका म्हणजे झालं! पुढे? बटणं लिहून घेतली. कशावर — तळहातावर?

दीर नाही तळहातावर लिहीत. दीर कागदावरसुद्धा लिहीत नाही, तो दुसऱ्याला लिहायला सांगतो. तुमचा काहीतरी घोळ होतोय, बरेच दिवस झाले ना — चष्मा? दोरीला बांधलेला, गळ्यात. मोठे भाऊ म्हणालात.

पुन्हा सांगा. नको, नको, राहू द्या.

मुठी आणायला मला कोणी पाठवलं माहितीये? 'तूच जा, मला सापडत नाहीत.' गोदाम त्याचं, मांडणी त्याची, डोळे मिटून खिळा काढून देईल हवा तो, आणि मुठी सापडत नाहीत! मी गेले. आणि घरी आल्यावर किती वेळ हात घासत होता, साबण लावून लावून — म्हटलं काय लागलंय एवढं, तर म्हणे शाई. म्हणे शाई! साप साप म्हणून दोन वर्षं भुई धोपटली मी, आणि साप समोर बसून माझ्याच हातचं जेवत होता, 'हं' म्हणत होता. ध्यान म्हटलेलं कधीतरी माझ्या स्क्रीनवर वाचलं म्हणून? एवढ्यासाठी? मग तोंड नव्हतं त्याला, चार शिव्या घालायच्या होत्या, ताट भिरकवायचं होतं! ते नाही. परक्या बाईला वाचायला लावलं, माझी शोभा केली, आणि वर सख्ख्या भावावर ढकललं — ढकललं तरी कुठे, मीच ढकलत होते, तो नुसता बघत होता. आणि भाऊजी रस्त्यात भेटले की 'वहिनी' म्हणून थांबायचे हो. मी तोंड फिरवून पुढे जायचे. — नाही, पाणी नको मला. बसायचं नाही. माझा चेहरा काय बघताय, मॉनिटर बघा.

तो डावा काढा. हो, आत्ता लावलात तोच. वायर उपटा, खोक्यात घाला, खोकं कुठेही न्या. मापं माझी मी बघेन, नाही आली तर शिकेन. दोन पुरेत. काढा म्हणते ना.

— आला. ऐकलंत? खुर्ची आपटतेय जिन्याला. वळणावर अडकते ती, दोघांनी धरल्याशिवाय वर येत नाही. तुम्ही निघा आता, खोकं घेऊन निघा, वाटेतच भेटेल. हात लावू नका खुर्चीला. आणि तुमची ती साक्षबिक्ष काही नको, एक शब्द बोलू नका त्यातला. विचारलंच त्यानं, तर एवढंच सांगा — वर जागा नाही म्हणावं. जा. आणि दार ओढून घ्या जाताना, कडी मी आतून लावते.