चोळी-बांगडीच्या रानातली समाधी

मी सौ. गंगासागर महारुद्र होनराव, वय ५८ वर्षे, जात लिंगायत, धंदा भांड्याचे दुकान, रा. सिरसाळा, ता. परळी, जि. बीड.

समक्ष ठाण्यात हजर होऊन, माझे धाकटे दीर विश्वेश्वर होनराव यांनी माझ्याविरुद्ध दिलेल्या तक्रारीबाबत विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर माझे पती महारुद्र यांच्यासह राहते. आम्ही दोघेही जिवंत आहोत. हे आधी लिहून घ्यावे, कारण दिरांच्या तक्रारीत माझ्या पतीचे नाव 'मयत' म्हणून आले आहे आणि ते या घडीला ठाण्याच्या आवारात लिंबाखाली बसलेले आहेत. मी खिडकीतून त्यांच्याकडे बोट करून दाखवले. जमादारांनी खात्री केली.

आम्हाला मूलबाळ नाही. ही गोष्ट आम्ही कधीच मनातून काढून टाकली, भावकीने काढलेली नाही. वर्षातून एकदा दुकानाला कुलूप लावून आम्ही दोघे परदेशात फिरायला जातो. दुबई-सिंगापूरला जात नाही, तिथे परळीचेच लोक भेटतात आणि घरचे काय चालले आहे ते विचारतात. जिथे आपल्याकडचे कोणी सहसा जात नाही तिथे जातो. लाओसला गेलो, आर्मेनियाला गेलो, गेल्या वर्षी जॉर्जियातल्या डोंगरावरच्या गावांत राहिलो. असल्या देशांत पाहायला काय असते, असे जमादारांनी विचारल्यावरून सांगते की, लाओसमध्ये आम्ही रोज नदीच्या काठी नुसते बसून राहायचो. आर्मेनियात बायका जमिनीत पुरलेल्या भट्टीत रोटी लावतात, त्यांनी मला लावू दिली, माझा हात भाजला आणि आम्ही सगळ्या हसलो. मला फार बरे वाटले. याचा तक्रारीशी संबंध नाही, असे जमादार म्हणाले. संबंध आहे. आम्हाला बरे वाटते, हाच आमचा खरा गुन्हा आहे. हे वाक्य असेच लिहावे.

सिरसाळा शिवारात रस्त्याला लागून असलेले दीड एकर रान माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझे वडील धर्मापुरीचे होते. त्यांनी ते माझ्या लग्नानंतर मला चोळी-बांगडीसाठी घेऊन दिले. चोळी-बांगडीचे रान लेकीचे असते, त्यावर सासरच्या कोणाचा हक्क नसतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असते. मी ते गावातले अंगद नावाचे गृहस्थ यांना मंगल कार्यालयासाठी विकायचे ठरवले होते. आलेल्या पैशातून हातपाय चालतात तोवर फिरायचे, असा आम्हा दोघांचा विचार होता. हे कळल्यापासून दीर बोलेनासे झाले. आमच्या पश्चात ते रान त्यांनाच येणार, असे त्यांनी परस्पर धरून ठेवले होते.

यंदा जून महिन्यात आम्ही किर्गिझस्तानला गेलो. निघण्यापूर्वी माझी पुतणी रुचिका, म्हणजे दिरांचीच मुलगी, हिला मी सांगून ठेवले होते की, आम्ही डोंगरातल्या एका तळ्यावर राहणार आहोत, तिथे फोन लागत नाही, परत येईपर्यंत काळजी करू नका. तळ्याकडे जाताना घोड्यावरून ओढा ओलांडावा लागला, त्यात यांचा फोन पाण्यात पडला. तिकडे चालणारा तो एकच फोन होता. हे खाली वाकून पाहत म्हणाले, "जाऊंद्या, आता दुकानाचं कुणी इचारनार न्हाई." ते त्या दिवशी जितके हसले तितके लग्नातही हसले नव्हते.

तळ्यावर लोकरीच्या तंबूत राहिलो. सकाळी यांनी गळ्यातले इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केली, तेव्हा तंबूची मालकीण आली, काही न विचारता हात पुसून शेजारी बसली आणि पूजा संपेपर्यंत बसून राहिली. आम्ही तिला शेंगदाण्याची चटणी दिली. नंतर मी इकडे विचारपूस करून तारखा जुळवून पाहिल्या, तर साधारण त्याच सुमारास सिरसाळ्यात आमच्या नावाने बुंदीच्या पंगती उठत होत्या.

घडले ते असे. दिरांनी टीव्हीवर एक बातमी पाहिली की, तिकडे कुठेतरी प्रवाशांची गाडी दरीत पडली. त्या बातमीतला देश वेगळा होता. मी नंतर त्यांना हे सांगितले, तर ते म्हणाले, "त्या अंगाचे देश समदे सारखेच की वैनी." रुचिकाने त्यांना त्याच दिवशी सांगितले होते, "पप्पा, काकूनं मला सांगून ठेवलंय, तिथं रेंज नसती. जरा दम धरा." रुचिका हे ठाण्यात येऊन सांगायला तयार आहे. दिरांनी दम धरला नाही. कोणाकडे चौकशी केली नाही, ठाण्यात खबर दिली नाही. थेट गवंडी बोलावला.

आमच्यात मयताला अग्नी देत नाहीत. गळ्यातले लिंग हातावर देऊन, बसवून पुरतात आणि वर समाधी बांधतात. बहुतेकांच्या समाध्या ज्याच्या त्याच्या रानात असतात. होनरावांचे वडिलोपार्जित रान नदीच्या बाजूला आहे, सासू-सासऱ्यांच्या समाध्या तिथेच आहेत. दिरांनी आमची समाधी तिथे बांधली नाही. माझ्या चोळी-बांगडीच्या रानात बांधली, रस्त्याला लागून, जिथे कार्यालयाचे फाटक येणार होते बरोबर तिथे. देह सापडला नाही म्हणून कपडे पुरले. त्यासाठी आमच्या घराचे कुलूप तोडून माझा लग्नाचा शालू आणि यांचा कोट नेला. हे कुलूप तोडल्याचे कोणी लिहून घेत नाही, म्हणून मी येथे सांगत आहे.

आम्ही परत आलो त्या दिवशी दुपारी परळीहून जीपने येऊन सिरसाळ्याच्या फाट्यावर उतरलो. चहाच्या हॉटेलातली माणसे उठून आत गेली. एकाने लांबूनच विचारले, "शेट, तुमीच हाव का?" घरी आलो तर ओसरीवर आमचा दोघांचा फोटो, त्याला हार. जाऊबाई संगीता यांनी मला पाहून किंचाळी फोडली आणि मग रडू लागल्या. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, त्या खरेच रडत होत्या.

दीर आले. त्यांच्या तोंडावर एका क्षणापुरता आनंद आला, हे मी नाकारत नाही. शेवटी यांचा सख्खा भाऊ आहे. पण तो ओसरला आणि ते म्हणाले, "आता जे झालं ते झालं वैनी. समाधी आसूंद्या तशीच. कवातरी लागलीच आसती की. आगाऊ झाली म्हनायचं." मी त्यांना काय म्हणाले ते लिहिण्यासारखे नाही, असे जमादार म्हणाले. मी जे बोलले ते मागे घेत नाही.

आमच्या नावाने समाधीची क्रिया करणारे स्वामी यांच्याकडे मी गेले. विचारले की, आमची लिंगे आमच्या गळ्यात आहेत, मग तुम्ही पुरताना हातावर कोणाचे लिंग दिले? ते म्हणाले, नवे दिले. मी म्हटले, मग ती समाधी त्या नव्या लिंगाची आहे, आमची नाही. ते म्हणाले, समाधी एकदा मंत्राने बसली की हलवता येत नाही, पाप लागते. पाप कोणाला लागते, ते त्यांनी सांगितले नाही. अंगद यांनी व्यवहार मोडला. "काकू, समाधीजवळ पाया कोन खंदनार? लग्नं लागायची हायेत तिथं," असे ते म्हणाले. त्यांचा दोष नाही.

आता मुद्द्याचे सांगते. रान विकले गेले नाही याचे मला दुःख आहे, पण त्यासाठी मी पहार उचलली नाही. आल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे रानात गेलो. फरशीवर 'लिं. महारुद्र' आणि त्याखाली 'लिं. गंगासागर' असे कोरलेले होते. लिंगैक्य झालेल्या, म्हणजे मयत माणसाच्या नावापुढे आमच्याकडे तसे लिहितात. यांनी चपला काढल्या आणि स्वतःच्या नावाला हात जोडले. सवयीने जोडले असतील. पण त्या दिवसापासून माझा माणूस बसला. दुकान उघडेना. अंगणातही निघेना. पुढच्या वर्षी अल्बानियाला जायचे म्हणून भिंतीवर नकाशा लावला होता, तो काढून गुंडाळून ठेवला. मी विचारले, का काढला? तर म्हणाले, "लोकायनं जेवणं करून हात धुतल्यात. आता कुटं जायाचं? आपलं समदं झालंय."

चाळीस वर्षे या माणसाने सिरसाळ्यात पातेली विकली. लोकांच्या लग्नाची, लोकांच्या बारशाची. आता कुठे तो घोड्यावर बसून हसायला लागला होता. त्याला जिवंतपणी गाडला. गाडीला अपघात झाला असता तर मी समजून घेतले असते. इथे भावाने गाडला, चुना-सिमेंट लावून गाडला, गावाला बुंदी घालून गाडला. आणि वर मला सांगतात, आगाऊ झाली म्हणा. मला याचा अतोनात राग आला, आजही आहे. ठाण्यात शांत बोलावे अशी सूचना मला मिळाली. मी शांतच बोलत आहे.

घटनेच्या दिवशी सकाळी मी घरातली पहार घेऊन रानात गेले आणि समाधी फोडली. रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांनी पाहिले. लपूनछपून केलेले नाही. सोबत कोणी होते का, असे विचारल्यावरून सांगते की, कोणी नव्हते. मी एकटीने फोडली. आतून यांच्या कोटासोबत माझा शालू निघाला. त्याची जर काळी पडली आहे. तो ठाण्यात जमा केला आहे, परत मिळावा.

मी समाधीचा अवमान केला, भावना दुखावल्या, असे दिरांचे म्हणणे आहे. माझे म्हणणे असे की, पोलिसांनी तिथे पंचनामा करावा. आत कोणी पुरलेले असेल तर ते कोण, याचा तपास आधी व्हावा. कोणी नसेल तर मी विटा फोडल्या, माझ्या रानातल्या, माझ्या नावाच्या. माझी समाधी मी फोडायला मला कोणाची परवानगी लागत नाही. भावना माझ्याही आहेत, त्या कोणत्या कलमात बसतात ते मला सांगावे.

गुन्हा दाखल झाल्यास पासपोर्टच्या नूतनीकरणाला अडचण येऊ शकते, अशी समज जमादारांनी मला दिली. आमचे दोघांचेही पासपोर्ट यंदा संपतात. दिरांना हे माहीत आहे. तक्रारीची एवढी घाई त्यासाठीच आहे, असा माझा संशय आहे. माझा पासपोर्ट अडकायचा तर अडको. माझ्या पतीचे नाव या प्रकरणात घेऊ नये, त्यांचा संबंध नाही.

इथपर्यंत लिहून होत असताना माझे पती आत आले. जमादारांनी त्यांना बाहेर थांबायला सांगितले, ते थांबले नाहीत. ते म्हणाले, "सायेब, ही खोटं बोलती. हिनं चार घाव घातले, हिला दम लागला. मंग पहार मी घेतली. माज्या नावाची फरशी मी फोडली, हिच्या नावाची बी मीच फोडली. माजं नाव घाला त्यात."

त्यावरून सांगते की, वर मी 'एकटीने' असे सांगितले ते खरे नाही. हे घरून माझ्या मागोमाग आले होते. कित्येक दिवसांनी घराबाहेर पडले होते. एकाचा तरी पासपोर्ट मोकळा राहावा, म्हणून मी ते सांगितले नव्हते.

जमादार त्यांना म्हणाले, "काका, इचार करा. बाई एकट्या अडकत्यात, तुमी सुटताव. तुमाला तरी जाता येईल."

माझे पती म्हणाले, "एकटा जाऊन काय करू तिथं? कुनाला दाखवू? अडकू द्या दोघांचं. सुटंल तवा बरुबर सुटंल."

त्यांचा जबाब वेगळा घ्यावा लागेल, असे त्यांना सांगण्यात आले. ते माझ्याशेजारी बाकावर बसले आहेत आणि माझे होण्याची वाट पाहत आहेत.

माझा वरील जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, यांनीही ऐकला. दुरुस्तीसह तो मी सांगितला तसाच आहे.